सावली कोणाच्या वाट्याला? मुंबईतल्या झाडांच्या वाटणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हार्बर लाइनवर चेंबूर आणि गोवंडी ही लागोपाठची स्टेशनं. मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी चेंबूरला उतरून डायमंड गार्डनच्या बाजूने चालून बघा. मग पुढची गाडी पकडून गोवंडीला उतरा आणि शिवाजीनगरच्या दिशेने निघा. पहिल्या फेरीत रस्त्यावर पडलेल्या शेंगा आणि पक्ष्यांची शिट चुकवत चालावं लागतं. दुसऱ्या फेरीत माणसं दुकानांच्या ताडपत्रीखालून ताडपत्रीखाली उड्या मारत जातात. गेली काही वर्षं आम्ही काही जण गोवंडी-मानखुर्दच्या गल्ल्यांत झाडं मोजतो, लावतो आणि त्यातली बरीचशी मरताना बघतो. बैठकांमध्ये, चहाच्या टपरीवर आणि वॉर्ड ऑफिसच्या बाकावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

वाटणी म्हणजे काय? सगळ्या वॉर्डांत सारखीच झाडं लावायची का?

नाही, ते शक्यच नाही. बोरिवलीच्या पाठीशी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, भुलेश्वरच्या पाठीशी फक्त दुसरी गल्ली आहे. आकडा सारखा करायचा हट्ट आमचा नाही.

आम्ही साधी गोष्ट विचारतो. घरातून निघाल्यावर बसस्टॉप, शाळा, रेशनचं दुकान, पाण्याचा नळ या रोजच्या वाटेवर सावली मिळते का? आणि ज्याला दिवसभर उन्हातच राहावं लागतं, त्याच्या वाटेवर ती आधी मिळते का? बंद काचांच्या गाडीतून जाणाऱ्याला रस्त्याकडेचं झाड शोभा देतं. हातगाडी ढकलणाऱ्याला तेच झाड पाच मिनिटांची विश्रांती देतं. वाटणी करताना हा फरक धरलाच पाहिजे.

पण मुंबईत जवळजवळ ३० लाख झाडं आहेत ना?

आहेत. महापालिकेच्या २०१८ च्या वृक्षगणनेत २९ लाख ७५ हजारांच्या वर झाडं मोजली गेली. २०११ ची लोकसंख्या धरली तर साधारण चार माणसांमागे एक झाड. ऐकायला बरं वाटतं.

आता त्याच गणनेत जरा आत शिरा. निम्म्याहून जास्त झाडं खासगी आवारात आहेत, म्हणजे गेटच्या आत, वॉचमनच्या पलीकडे. त्यानंतरचा मोठा वाटा सरकारी आवारांचा. रस्त्याच्या कडेला, कुणालाही खाली उभं राहता येईल अशी झाडं दोन लाखही भरत नाहीत. चार माणसांमागे एक झाड हा हिशेब तिथेच कोसळतो.

दुसरी गंमत सरासरीची. आमचा एम पूर्व वॉर्ड, म्हणजे गोवंडी-मानखुर्दचा भाग, उपग्रहाच्या फोटोत बऱ्यापैकी हिरवा दिसतो. कारण त्यात तुर्भ्याची टेकडी आहे, अणुसंशोधन केंद्राचं मोठं झाडीदार आवार आहे आणि ठाणे खाडीच्या काठाची खारफुटी आहे. पण शिवाजीनगरशेजारच्या बैंगनवाडीतल्या माणसाला अणुसंशोधन केंद्राच्या झाडाखाली डबा उघडून बसता येत नाही. खारफुटी शहरासाठी अनमोल, पण शाळेतून येणाऱ्या पोराच्या डोक्यावर ती सावली धरत नाही. म्हणून वॉर्डाचा आकडा कुणी तोंडावर फेकला की आम्ही गल्लीचा आकडा मागतो. तो बहुतेक वेळा नसतोच.

मग मोजायचं काय? झाडं की आणखी काही?

छत्र मोजायचं. म्हणजे वरून बघितलं तर जमिनीचा किती भाग झाडांच्या फांद्या-पानांखाली झाकला जातो, ते. नुकतं लावलेलं बोटभर जाडीचं रोप आणि साठ वर्षांचा पर्जन्यवृक्ष यांना एकेक गुण देणारी मोजणी सावलीबद्दल काहीच सांगत नाही.

सेसिल कोनिनेंडाइक या नगरवन-तज्ज्ञाने २०२१ मध्ये मांडलेलं ३-३०-३०० हे सूत्र आम्हाला सोयीचं वाटतं. प्रत्येक घरातून तीन झाडं दिसावीत, प्रत्येक वस्तीत तीस टक्के छत्र असावं आणि तीनशे मीटरच्या आत एखादी बाग किंवा हिरवी जागा असावी. शिवाजीनगरात तीस टक्के म्हणजे सध्या तरी स्वप्नरंजन. पण पहिला आकडा कुणालाही दारात उभं राहून तपासता येतो. आम्ही शाळेतल्या मुलांना हाच गृहपाठ देतो. बऱ्याच वह्यांमध्ये शून्य येतं. एका मुलीने 'मशिदीजवळचं अर्धं' असं लिहून आणलं होतं. जाऊन बघितलं तर खरंच तेवढंच उरलं होतं.

आम्हाला स्वतःला मोजता येईल का?

येईल. आय-ट्री कॅनपी नावाचं साधन इंटरनेटवर फुकट मिळतं. आपल्या वस्तीची हद्द नकाशावर आखायची. साधन उपग्रहाच्या फोटोवर वाटेल तिथे टिंबं टाकत जातं आणि प्रत्येक टिंब झाडावर पडलं, पत्र्यावर, रस्त्यावर की मोकळ्या मातीवर, एवढंच आपण नोंदवायचं. दोनशे टिंबं झाली की अंदाज येतो. छत्र वीस टक्क्यांच्या आसपास निघालं तर त्यात तीनेक टक्के इकडे-तिकडे होऊ शकतात, म्हणून जमलं तर पाचशे टिंबं टाका. निळ्या प्लास्टिकच्या ताडपत्र्या आणि हिरव्या जाळ्यांपासून जपा. पहिल्यांदा आम्ही एका मंडपाचं कापड झाड म्हणून मोजलं होतं.

ही विषमता आली कुठून? निसर्गाने तर केली नाही?

नाही, ही आखणीतून आली.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्त्यांमुळे रोग पसरतो या भीतीने १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याच्या बाजूला नव्या वसाहती आखल्या गेल्या. रुंद रस्ते, घरापुढे सोडलेली जागा, मध्ये बागा. दादरची पारशी कॉलनी उभी करणाऱ्या मंचरजी जोशींनी झाडांचा विचार रस्त्यांच्या बरोबरीने केला. तिथले पाच बगिचे (फाइव्ह गार्डन्स) आणि त्याभोवतीचे रस्ते आज ज्या सावलीत आहेत, ती शंभर वर्षांपूर्वी कागदावर सोडलेली जागा आहे.

आता शिवाजीनगर बघा. १९२७ पासून जिथे शहराचा कचरा पडतोय, त्या देवनार डंपिंग ग्राउंडच्या कुशीत, १९७० च्या दशकात शहराच्या इतर भागांतून हलवलेल्या लोकांना इथे वसवलं गेलं. म्हणजे ही वस्तीसुद्धा आखलेलीच आहे. सरळ गल्ल्या, ओळीने प्लॉट. फक्त प्लॉट १० बाय १५ फुटांचे. झाडासाठी खड्डा कुठे खणायचा, हा प्रश्न त्या आखणीत कुणाला पडलाच नाही. 'झोपडपट्टी आहे, वेडीवाकडी वाढली, म्हणून झाडं नाहीत' असं जे म्हणतात, त्यांनी एकदा शिवाजीनगरचा नकाशा बघावा. माटुंग्याइतकाच काटकोनात आहे.

आणि नंतरही आम्ही शहाणे झालो नाही. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत विस्थापित झालेल्यांसाठी मानखुर्दला लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहती बांधल्या. तिथे दोन इमारतींमधलं अंतर काही ठिकाणी जेमतेम ३ मीटर आहे. खालच्या मजल्यावर दिवसा दिवा लावावा लागतो. अशा फटीत झाड जगेल कसं? २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम पूर्व वॉर्ड सगळ्यात तळाशी होता. झाडांचा नकाशा त्याच्यावर ठेवला तर फार वेगळा दिसणार नाही.

असं फक्त आपल्याकडेच आहे का?

अजिबात नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात एका सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीय व गरीब वस्त्या लाल रंगात दाखवल्या. तिथे घरकर्ज देणं धोक्याचं मानलं गेलं. २०२० मध्ये संशोधकांनी १०८ शहरं तपासली, तेव्हा त्या लाल वस्त्या आजही सरासरी २.६ अंश सेल्सिअसने जास्त तापलेल्या आढळल्या. नव्वद वर्षांपूर्वीची शाई अजून चटका देते. तिथल्या 'अमेरिकन फॉरेस्ट्स' या संस्थेने आता वस्तीनिहाय शून्य ते शंभर गुण देणारं कोष्टक काढलंय. छत्राबरोबर उत्पन्न, वय आणि उष्णताही त्यात धरतात, म्हणजे झाडं आधी कुठे लावायची ते ठरतं.

आपल्याकडे असा रंगवलेला नकाशा नव्हता. पण नागपूरला सिव्हिल लाइन्समधून इतवारीत जा, किंवा पुण्यात प्रभात रोडवरून लोहियानगरात. नकाशा पायांना कळतो.

झाड नसल्याने खरंच एवढा फरक पडतो? मुंबईत तर समुद्र आहे.

समुद्र आहे म्हणूनच घाम सुकत नाही.

झाड दोन प्रकारे गारवा देतं. एक, ऊन अडवतं. दोन, पानांतून पाण्याची वाफ सोडतं. मुंबईच्या दमट हवेत दुसरा फायदा कोरड्या शहरांपेक्षा कमी मिळतो, त्यामुळे इथे खरी किंमत सावलीची. ऊन भिंतीवर, पत्र्यावर, काँक्रीटवर पडूच नये, हे महत्त्वाचं. एकदा ते पडलं की पत्रा लगेच तापतो आणि काँक्रीट दिवसभर साठवलेली उष्णता रात्री सोडत बसतं.

शिवाजीनगरात बरीच घरं तळमजला आणि वर पोटमाळा अशी आहेत. पोटमाळ्यावर डोक्यापासून हातभर अंतरावर पत्रा. तिथे बायका जरीकाम करतात. एक ताई सांगत होत्या, एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार काम बंदच ठेवावं लागतं, कारण घामाचा हात कापडाला लागला की पीस परत येतो आणि मजुरी कापली जाते. त्या चार तासांना पर्यावरणाच्या कुठल्याही अहवालात रकाना नाही.

वस्तीत जागाच नाही. झाडं लावणार कुठे?

हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि बहुतेक वेळा तो आमचं तोंड बंद करण्यासाठी विचारला जातो.

चार फुटी गल्लीत झाड लागणार नाही, हे कबूल. पण वस्ती म्हणजे फक्त चार फुटी गल्ल्या नव्हेत. महापालिकेच्या शाळांची मैदानं, आरोग्य केंद्रांची आवारं, सार्वजनिक शौचालयांच्या मागची जागा, नाल्याच्या कडा, कब्रस्तान आणि स्मशान, बस डेपो, मोठ्या रस्त्यांचे फूटपाथ. या सगळ्या सार्वजनिक जागा आहेत. शाळेच्या मैदानात कडेने दहा झाडं लागली तर दहा वर्षांनी दोन हजार मुलांना मधल्या सुट्टीत सावली मिळते. आम्ही पाहिलेल्या एका शाळेत मात्र मैदानाला पेव्हर ब्लॉक बसवले होते आणि कडेला सिमेंटच्या कुंड्यांत प्लास्टिकची फुलं होती.

मग कुंड्या?

कढीपत्त्याला, तुळशीला उत्तम. सावलीला नाही.

मियावाकी जंगलं लावतात ती चांगली नाहीत का?

जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांची पद्धत उजाड जमिनीवर दाट झाडी उभी करायला चांगली आहे. मुंबई महापालिकेने २०२० पासून बऱ्याच भूखंडांवर ती राबवली. आमची हरकत तिच्या वापराला आहे. एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपं लावली की छोट्याशा प्लॉटवर हजारोंचा आकडा तयार होतो आणि तो आकडा वॉर्डाच्या खात्यावर जमा होतो. पण त्या दाट रानाभोवती कुंपण असतं. आत शिरून बसता येत नाही, रिक्षा लावता येत नाही, इस्त्रीचं टेबल मांडता येत नाही. पक्ष्यांसाठी, हवेसाठी जरूर लावा. सावलीच्या हिशेबात ते धरू नका, एवढंच.

एक झाड तोडलं तर त्याच्या बदल्यात झाडं लावावी लागतात ना?

लागतात. महाराष्ट्रात १९७५ चा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. तोडायला परवानगी लागते, झाडावर नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि झाडाचं वय जेवढं तेवढी नवी झाडं लावण्याची अटही आली. चांगल्या तरतुदी आहेत.

पण 'किती' हे नीट विचारलं जातं, 'कुठे' हे सैल सुटतं. मेट्रो ३ साठी दक्षिण मुंबईच्या रस्त्यांवरची जुनी झाडं गेली आणि बदल्यातली रोपं मोठ्या संख्येने राष्ट्रीय उद्यानात लागली. उद्यानात तर जंगल आधीच आहे. चर्चगेटला बसची वाट बघणाऱ्याच्या डोक्यावरचं छत्र बोरिवलीच्या डोंगरात गेलं. कागदावर झाडं वाढली, सावलीची वाटणी बिघडली. म्हणून हरकतीचं पत्र लिहिताना शेवटची ओळ ही लिहा: 'बदली झाडं याच प्रभागात, सार्वजनिक जागेत लावावीत आणि जागा नकाशावर दाखवावी.'

कुठली झाडं लावावीत?

इथे आमच्यात भांडणं होतात, म्हणून थोडं सविस्तर.

आधी काय नको ते. उंच सरळसोट वाढणारा तो 'अशोक', जो खरा अशोक नाहीच, सोसायट्यांना फार आवडतो. त्याची सावली विजेच्या खांबाएवढी. रॉयल पामचंही तेच. सुशोभीकरणाच्या निविदांमध्ये पाम का असतात, हे ज्याचं त्याने समजावं. सोनमोहर आणि गुलमोहर दिसायला देखणे, पण पावसाळी वाऱ्यात लवकर मोडतात. अरुंद रस्त्यावर नकोत.

गोवंडी-मानखुर्दची जमीन खाडीजवळची, भरावाची, खारट. तिथे करंज, परसभेंडी आणि उंडी टिकतात, कारण ही मुळातच किनाऱ्याची झाडं आहेत. करंजाची सावली दाट, मुळं फार उधळत नाहीत. फूटपाथवर बकुळ आणि पुत्रंजीवा चालतात, वाढ मात्र हळू. बकुळ लावलीत तर नातवंडांसाठी लावतोय असं समजा. मैदानात, जागा असेल तिथे, वड-पिंपळ-उंबर बिनधास्त. ताम्हण हे आपलं राज्यफूल आहे आणि मध्यम आकाराचं झाड आहे. त्याला पाणी मात्र हवं.

सातवीण सावलीला फार चांगली, पण दिवाळीच्या सुमारास तिचा वास असा सुटतो की खालच्या मजल्यावरचे तक्रारी करतात. मला तो वास आवडतो. बैठकीत मात्र मी एकटाच असतो.

शेवग्याचं लाकूड ठिसूळ, तज्ज्ञ नाकं मुरडतात. पण शेंग खायला मिळते म्हटल्यावर घरासमोरची बाई त्याला स्वतःहून पाणी घालते. जगलेला शेवगा मेलेल्या बकुळीपेक्षा बरा, असं माझं मत. ते गटाचं मत नाही.

लावलेली रोपं का मरतात?

पाणी न मिळाल्यामुळे. जुलैत फोटो निघतो, सप्टेंबरपर्यंत पाऊस सांभाळतो, खरी परीक्षा फेब्रुवारी ते मे. चेंबूरच्या सोसायटीत माळी असतो, बोअरवेल असते. शिवाजीनगरात अनेक घरं स्वतःसाठीच पाणी विकत घेतात, हंड्याच्या हिशेबाने. विकतच्या पाण्यातला तांब्याभर झाडाला घाला, असं सांगायला आमची जीभ रेटत नाही. जिथे पाण्याचा टँकर किंवा शाळेची टाकी जवळ आहे तिथेच रोप लावायचं, असं आता आम्ही ठरवलंय. आधी पाणी, मग खड्डा.

दुसरं कारण काँक्रीट. रस्ता नवा होतो आणि सिमेंट थेट बुंध्याला भिडवतात. मुळांना ना पाणी, ना हवा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीत झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. तोच मापदंड आपल्या गल्लीतही मागा.

लोकांनाच झाडं नको असतात, हे खरं आहे का?

काहींना नको असतात, आणि त्यांची कारणं ऐकली पाहिजेत. पानं गटारात अडकून पाणी तुंबतं. फांदी पत्र्यावर पडली तर पत्रा कोण देणार? वायरी झाडांतूनच गेलेल्या असतात. आणि एक भीती कुणी उघड बोलत नाही. झाडं लावायला माणसं आली, फूटपाथ मोकळा करा म्हणाली, तर उद्या आपलं दुकान उठवतील. आमच्या पहिल्या फेरीत एका पानवाल्याने रातोरात रोप उपटलं. चिडलो होतो. नंतर कळलं, त्याला तीनदा उठवलेलं होतं.

म्हणून आता खड्डा खणायच्या आधी शेजारच्या दुकानदाराला विचारतो आणि छाटणीची जबाबदारी कोणाची हे लिहून घेतो. पावसाळ्याआधी एप्रिल-मेमध्ये महापालिका छाटणी करते. त्या यादीत आपली गल्ली आहे का, हे मार्चमध्येच विचारा.

झाडं वाढली की घरभाडी वाढून गरिबांना जावं लागेल का?

एखादी झगमगीत बाग झाली की आजूबाजूचे भाव चढतात, हे जगभर दिसलंय. गल्लीगल्लीत विखुरलेल्या करंजांनी तसं होईल असं वाटत नाही. गोवंडीत भाडं वाढतं ते पुनर्विकासाच्या बातमीने.

आमच्या गल्लीसाठी काय करू? सुरुवात कुठून?

आधी जागा शोधा, मग पाणी, मग माणूस जो रोज तिथेच असतो. या तिन्ही मिळाल्या की वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्यात लेखी अर्ज द्या. तोंडी सांगू नका. अर्जाची पोच घ्या, जागेचा फोटो जोडा. रोप किमान माणसाच्या उंचीचं आणि जाळीसकट मागा, हातभर रोप शेळ्या खातात. झाड कुणी परवानगीशिवाय तोडत असेल किंवा धोकादायक झालं असेल तर महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून ठेवा.

आणि लावलेल्या रोपांची वही ठेवा. तारीख, जात, कोण पाणी घालतं, जिवंत की मेलं.

तुमच्या वहीत काय निघालं?

पहिल्या वर्षी एका रस्त्यावर अकरा लावली, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर चार राहिली. तीन करंज, एक शेवगा. त्यातल्या सगळ्यात मोठ्या करंजाखाली आता इस्त्रीवाले चाचा बसतात. त्यांनी खोडाला खिळा मारून हँगर अडकवलेत. खिळा काढा म्हणून आम्ही दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी त्यांनी खिळा काढला, सुतळी बांधली आणि आमच्यासमोरच बाटलीतलं उरलेलं पाणी बुंध्यात ओतलं.